माउस हलवला की कानात वाजतं

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मास्तरांनी हेडफोन मला दिले. हो, तेच. पट्टीचा फोम झिजलेला, वायरीला डाव्या कानापाशी पडलेला पीळ अजून तसाच. फोन करून बोलावून घेतलं, खोकं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "कानाचं मशीन लावलं की माणसं ऐकू येतात रे, तंबोऱ्याची जवारी येत नाही. तू ऐक आणि मला सांग कसं वाजतंय." मग लगेच क्रिकेटवर गेले. मीही गेलो. घरी सांगितलं तर "बरं झालं, नव्याचा खर्च वाचला" यापलीकडे कुणाला काही वाटलं नाही. म्हणून तुला लिहितोय. फोनवर तू मधेच तोडतोस.

बाकी क्षेम. पाठ आहे तशीच आहे, व्यायाम करतो असं डॉक्टरांना सांगतो. तुझ्या आईच्या गुडघ्याचं उरकलं हे ऐकून बरं वाटलं.

तर अडचण अशी. हेडफोन आहेत ३०० ओहमचे, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारे. कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकला लावले. नवी गाणी दणक्यात वाजली. मास्तरांचा तो विलंबित ख्याल लावला आणि आवाज शंभरावर नेला, तरी गवई शेजारच्या खोलीतच. कारण तुला माहीत आहे. नवी गाणी छतापर्यंत दाबून भरलेली असतात, जुन्या रेकॉर्डिंगची सरासरी पातळी कितीतरी खाली. त्या पातळीला वर आणायला जॅकमध्ये व्होल्टेज उरतच नाही.

आणि रात्री माझे कानातले इअरफोन घातले की बरोब्बर उलटं. आवाज दोनवर ठेवला तरी जास्त, आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत शिट्टी. माउस हलवला की चिर्र. पान सरकवलं की त्या चिर्रचा सूर बदलतो. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की खाली एक गुणगुण सुरू. हिला ऐकवलं, तर म्हणाली मला काही येत नाही, तू झोप. मागच्या जॅकला लावून पाहिलं. चिर्र कमी झाली, गेली नाही. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डच्या कडेवरून सगळं कॅबिनेट ओलांडून पुढे येते. वाटेत जे जे भेटतं त्याचं सगळं ती गोळा करते.

म्हणजे एक यंत्र हवं जे एका हेडफोनला भरपूर व्होल्टेज देईल आणि दुसऱ्याला चिडीचूप राहून वाजवेल. ऐकायला सोपं वाटतं. झोप उडाली आहे माझी.

तुझं मत विचारायची गरज नाही. कॅबिनेट उघड, पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत भरदार साउंड कार्ड बसव, आणि त्याचे ऑप-अँप, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपा, चिमट्याने उपटून बदलत बस. तुझ्याकडे त्या इवल्याशा आठ पायांच्या किड्यांची डबी होती. प्रत्येक किडा बदलला की "स्टेज रुंद झालं" म्हणायचास. एवढ्या वेळा रुंद झालेलं स्टेज आतापर्यंत शेजारच्या गल्लीत पोचायला हवं होतं.

माझं म्हणणं ऐक. १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा कार्ड आतच लागायचं, कारण त्याशिवाय पीसीतून फक्त टूं टूं निघे. १९९७ च्या एसी-९७ या मानकानंतर कोडेक, म्हणजे आवाजाची चिप, मदरबोर्डवरच यायला लागला. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने आवाजाची मिसळामिसळ सॉफ्टवेअरकडे घेतली आणि कार्डावरच्या प्रोसेसरची ऐट संपली. आता संगीत ऐकणाऱ्या माणसासाठी कार्डात दोनच गोष्टी उरल्या: आकड्यांचा आवाज करणारा डॅक, आणि हेडफोन ढकलणारा अँप. या दोघांनी ग्राफिक्स कार्डाच्या मांडीला मांडी लावून का बसायचं? आतलं कार्ड नीट झाकलेलं, स्वतःचा वीजपुरवठा सांभाळणारं असेल तर शांत असू शकतं, हे मी नाकारत नाही. पण घेण्याआधी कळणार कसं? ते तुझ्या कॅबिनेटमध्ये गप्प आणि माझ्यात बोलकं निघालं तर?

बाहेरचं घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. यूएसबीच्या वायरीतून पाच व्होल्ट येतात आणि त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरचं ग्राउंड, म्हणजे तीच चिर्र मागच्या दाराने. मेहुण्याकडचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा बोटभर डॅक-अँप, आणून लावला होता. माझ्या पीसीवर हलकीशी चिर्र, लॅपटॉपवर चार्जर काढून लावला तर पूर्ण शांत. म्हणजे रोग ग्राउंडचा. तसंच झालं तर मदरबोर्डला मागे ऑप्टिकल भोक आहे. त्यातून फक्त उजेड जातो, वीज जातच नाही. म्हणून ऑप्टिकल इनपुट असलेला डबा बघतोय. ड्रायव्हरची भानगडही आता नाही, विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर अंगचाच आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांचं. एकावर खरखर ११० डेसिबल खाली, दुसऱ्यावरही ११०. दोघं सारखेच शांत, असं कुणालाही वाटेल. पण तो आकडा यंत्राच्या कमाल आवाजाशी केलेली तुलना असते. एक व्होल्ट देणाऱ्या डोंगलमध्ये ११० डेसिबल खाली म्हणजे साधारण ३.२ मायक्रोव्होल्टची खरखर. चार व्होल्ट देणाऱ्या डब्यात तेच ११० म्हणजे १२.६ मायक्रोव्होल्ट. माझ्या कानातल्यांना कमाल आवाज कधीच लागत नाही, त्यांच्या वाट्याला येते ती नुसती खरखर, आणि डब्यात ती चौपट. शिवाय एवढ्या ताकदीच्या डब्याचं बटण कानातल्यांसाठी अगदी तळाशी ठेवावं लागतं, आणि तळाशी बटणामागच्या पोटेन्शियोमीटरचे दोन्ही भाग सारखे चालत नाहीत. डावा कान आधी जागा होतो, उजवा मागून. म्हणून गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते, कमी-जास्त करायची खटकी नसलेला डबा मी बघतसुद्धा नाही.

डोंगल मास्तरांच्या हेडफोनला पुरेल का? हिशेब केला. एका मिलीवॅटला सुमारे ९८ डेसिबल. ११० पर्यंतची उसळी हवी तर १२ डेसिबल वर, म्हणजे सोळापट वीज, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट. एका व्होल्टचा डोंगल १०३ ला हात टेकतो. दाबून भरलेल्या गाण्याला चिकार. विलंबित ख्यालाला नाही, आणि सॉफ्टवेअरने चार-सहा डेसिबल खाली ओढले तर मुळीच नाही.

दुसरं, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा अवरोध. हे कुणी खोक्यावर छापत नाही, आणि कानातल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच. कानातल्यांच्या कागदावर १६ ओहम लिहिलेलं असतं ते एका किलोहर्ट्झला. माझ्या जोडीत आत तीन ड्रायव्हर, त्यामुळे तो आकडा कुठे ८ वर उतरतो, कुठे ३० वर चढतो. जॅकचा स्वतःचा अवरोध १० ओहम असेल तर आठच्या जागी ७ डेसिबल गळतात, तीसच्या जागी अडीच. साडेचार डेसिबलचा फरक! तो इअरफोन बनवणाऱ्याने ठेवलेला नाही, माझ्या मदरबोर्डने ठेवलाय. तोच जॅक १ ओहमचा असला तर फरक पाऊण डेसिबलवर येतो. जॅकचा अवरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत हवा, हा नियम म्हणतात तो हाच. मास्तरांच्या ३०० ओहमला १० ओहमचं सोयरसुतक नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. २ ओहमच्या आतलं, दोन गेनचं, ऑप्टिकल घेणारं, तीनेक व्होल्ट देणारं बाहेरचं यंत्र. निर्णय झाला म्हणून दिवा मालवला, आणि अंधारात मास्तरांचा तो जुना अँप आठवला.

त्या अँपला हेडफोनसाठी वेगळं सर्किट नव्हतंच. स्पीकरच्या आउटपुटमधून एकेक रेझिस्टर घालून जॅकला सोडलं होतं. तूच झाकण उघडून दाखवलंस, ३३० ओहमचे होते. त्या काळी तशीच पद्धत. पुढे १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही हेडफोनच्या उगमाला १२० ओहमच सांगितले. आता या हेडफोनचा अवरोध १०० हर्ट्झच्या आसपास ५०० च्या घरात चढतो. मध्ये ३३० बसवले की तिथे बाकीच्या मानाने दोन डेसिबलचा फुगवटा येतो. डग्ग्याची घुमक, खरजाच्या तारेचं ते अंगावर येणं, आपण ज्याला "मास्तरांकडचा आवाज" म्हणायचो त्यातला हा एक भाग होता. सतरंजीवर आळीपाळीने डोक्याला लावून जे ऐकलं ते हेडफोन आणि दोन रेझिस्टर मिळून होतं. स्वच्छ यंत्राला लावले की सगळं नीट येईल आणि डग्गा एक पायरी मागे जाईल. तो अँप भंगारात गेला, शेजारी ठेवून तुलना करायची सोयच नाही.

मग मी त्यांना सांगू काय? "मास्तर, आता बरोबर वाजतंय"? त्यांनी जे वाजतं ते सांग म्हटलंय, आणि त्यांच्या कानात आहे ते दुसरंच काहीतरी.

तू लगेच म्हणशील, मोठी फाइल आण, १९२ किलोहर्ट्झची, सगळं सापडेल. पुन्हा तोच वाद नको. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. वर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर आणि सुमारे ९६ डेसिबलचा पट्टा. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरांच्या नियतकालिकात छापलं, की चढ्या दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला तरी नेहमीच्या आवाजाला श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. तुला तेव्हाही पटलं नाही आणि चादरीमागून मी वायरी बदलल्या तेव्हाही नाही. "चादरीमुळे ट्रेबल गेला" हे वाक्य मी विसरणार नाही. तुझे कान माझ्याहून चांगले आहेत हे मी लग्नातही सर्वांसमोर बोललो होतो, पण चादर हेडफोनच्या आत नव्हती रे. मी फक्त विंडोजमध्ये ४४१०० हर्ट्झ निवडलंय आणि ती एन्हान्समेंटची सगळी झगमग बंद केलीय. कुठल्याही कार्डावर पहिलं काम तेवढंच.

फुगवटा सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरने एका मिनिटात येईल, हे मलाही कळतं. इक्वलायझरला हात लावलास तर तोंड बघणार नाही, हे तुझं वाक्यही लक्षात आहे. पण त्यापेक्षा मला वायरीतच रेझिस्टर टाकावासा वाटतो. ३३० घातले तर लागणारं व्होल्टेज दुपटीवर, साडेचारच्या पुढे जातं, म्हणजे पुन्हा मोठा डबा आणि पुन्हा खरखर. १२० वर भागवलं तर तीनेक व्होल्टमध्ये बसतं आणि एक डेसिबलचा फुगवटा मिळतो. अर्धे मास्तर, अर्धे आम्ही. कानातल्यांना ती तार लावायचीच नाही, त्यांना सरळ यंत्र. हे मला पटलंय आणि तरी पटत नाहीये, म्हणून एवढं पान भरलं.

तू दिवाळीनंतर येणारच आहेस तर एक दिवस जास्त काढ. दोन अडॅप्टर करू, एकात रेझिस्टर, एकात नुसती तार. बाहेरून ओळखू येता कामा नये. तू बदल, मी ऐकतो. मग मी बदलतो, तू ऐक. रेझिस्टरने आवाज तीनेक डेसिबल खाली जातो, तो आधी बरोबरीत आणावा लागेल, नाहीतर मोठा तोच चांगला वाटणार. मल्टिमीटरने ०.१ डेसिबलच्या आत जमवू. चादर आणणार नाही, शब्द देतो.

बदलीचं काय झालं? धाकटीने शेवटी कॉमर्सच घेतलं म्हणे; घेऊ दे, आपण सायन्स घेऊन काय दिवे लावले. वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या बंगल्याच्या प्लॅनमध्ये तुझी ऐकण्याची खोली अजून आहे का तेही कळव.

तुझाच,
मी

ता. क. सोल्डरिंगची गन तुझ्याकडचीच आण, माझी टोकाला काळी पडलीय. रेझिस्टर मेटल फिल्मचे, एक टक्क्याचे घे, आणि मोजून जोडी लाव. दोन कानांत फरक राहिला तर गवई एका बाजूला सरकेल. मोठ्या जॅकचं ६.३५ मिलिमीटरचं अडॅप्टर तू मागच्या खेपेला माझ्याकडून नेलंयस, तेही आठवणीने.