आखूड नळीची किंमत जवानाने का मोजावी? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

30 डिसेंबर 2025 रोजी आपल्या मंत्रालयाने लष्कर आणि नौदलासाठी सव्वाचार लाखांहून अधिक सीक्यूबी कार्बाइनचा, म्हणजे अगदी जवळच्या लढाईसाठीच्या आखूड नळीच्या रायफलींचा, करार केला. रक्कम 2,770 कोटी रुपये, काम भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टीम्स यांच्याकडे. शस्त्र देशात घडणार याचा आनंद आहे आणि तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे पत्र गोड नाही.

हे शस्त्र फार आधी यायला हवे होते. 2010च्या सुमारास 44,618 कार्बाइनची निविदा निघाली. चाचण्या होत राहिल्या, शेवटी एकच पुरवठादार उरला आणि 2016मध्ये सगळे रद्द झाले. जानेवारी 2018मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने 93,895 कार्बाइनना मंजुरी दिली, तीही 'तातडीची खरेदी' म्हणून. परदेशी कंपनी निवडली गेली आणि 2020मध्ये तोही व्यवहार मोडीत निघाला. जुलै 2022मध्ये पुन्हा मंजुरी, या वेळी सुमारे चार लाखांची. करारावर सही व्हायला आणखी साडेतीन वर्षे लागली. 2018मध्ये जी गरज तातडीची होती, ती 2025 संपेपर्यंत कागदावरच राहिली. या काळात किती अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या आणि किती जण निवृत्त झाले ते आपल्याला ठाऊक असेल. जाब एकालाही विचारला गेल्याचे जनतेला दिसलेले नाही.

तोवर जवानाच्या हातात काय होते? कानपूरच्या कारखान्यात बनलेली 9 मिलिमीटरची कार्बाइन, म्हणजे मुळात ब्रिटिश स्टर्लिंग. दस्ता दुमडला की लांबी जेमतेम 48 सेंटिमीटर, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, 34 राउंडचे, म्हणजे काडतुसांचे, वाकडे मॅगझिन. आपल्या काळात ते उत्तम शस्त्र होते. बोल्ट म्हणजे काडतूस पुढे ढकलणारा पोलादी ठोकळा; त्याच्यावरच्या तिरक्या कडा आतली माती बाहेर ढकलतात, मॅगझिनमध्ये रोलर असल्याने राउंड सहसा अडकत नाही. पण ते ओपन बोल्टचे आहे. खटका दाबला की जड बोल्ट आधी पुढे धावतो आणि मग गोळी सुटते. त्या धक्क्याने नेम हलतो. शिवाय 9 मिलिमीटरची गोळी सुमारे 500 ज्यूल ऊर्जेने निघते, समोरच्या दहशतवाद्याच्या एके-47ची सुमारे 2,000 ज्यूलने. साधे मऊ चिलखतही ती 9 मिलिमीटरची गोळी अडवते.

आता मूळ मुद्दा. आटोपशीर शस्त्राची ओढ मला कळते, आणि ती खोटी नाही. जिना, अरुंद बोळ, रणगाड्याची आतली जागा, जीपचे दार, पाठीवर रेडिओ संच: इथे 96 सेंटिमीटरची इन्सास रायफल आडवी येते. मे 1980मध्ये लंडनच्या इराणी दूतावासावर एसएएस या ब्रिटिश विशेष दलाने छापा घातला तेव्हा एमपी-5 ही आखूड सबमशीनगन जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि तेव्हापासून आखूड बंदूक म्हणजे निष्णात सैनिक असे समीकरण डोक्यात बसले. प्रदर्शनात कुणीही कार्बाइन उचलतो, खांद्याला लावतो आणि लगेच तिच्या प्रेमात पडतो. हलकी, चपळ, देखणी. पण मांडवात कुणी ती उडवत नाही.

उडवली की हिशेब बदलतो. या कार्बाइनचे 5.56×45 हे काडतूस मुळात 20 इंची नळीसाठी घडले. त्या नळीतून गोळी सेकंदाला सुमारे 940 मीटर वेगाने निघते, 10 इंची नळीतून साधारण 800 मीटरने. या गोळीची मारकता तिच्या वेगावर आहे. वेग सुमारे 750च्या खाली गेला की ती शरीरात फुटत नाही, नुसती आरपार जाते. म्हणजे आखूड नळीत परिणामाचे अंतर शंभर मीटरांच्या आत येते. न जळलेली दारू नळीबाहेर पेटते, तिचा भडका अंधाऱ्या खोलीत जवानाचेच डोळे दिपवतो. आवाज 160 डेसिबलच्या वर जातो, आणि क्षणिक आवाजाची धोक्याची रेषा 140 मानली जाते. बंद खोलीत चार गोळ्या झाडल्या तरी कानाचे कायमचे नुकसान होऊ शकते. करारात 'ॲक्सेसरीज'चा उल्लेख आहे. त्यांत सप्रेसर, म्हणजे आवाज आणि भडका कमी करणारी नळकांडी, आहे का? किती कार्बाइनमागे एक?

याहून गंभीर दोष बाहेरून दिसत नाही. गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीतल्या एका छिद्रातून घेऊन बोल्ट मागे ढकलला जातो. हे छिद्र चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खणाच्या, जवळ आले की तिथला दाब वाढतो, आणि छिद्र ओलांडल्यावर गोळी नळीत राहते तो वेळ घटतो. छिद्र लहान ठेवले तर सियाचीनच्या थंडीत घट्ट झालेल्या वंगणासमोर बोल्ट पूर्ण मागे येत नाही, रिकामी पुंगळी अडकते. मोठे ठेवले तर जैसलमेरच्या उन्हात, तापलेल्या दारूच्या वाढीव दाबाने, बोल्ट धाडकन मागे जातो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला फुगून चिकटलेली असते आणि ती ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिची कडा फाडतो किंवा स्वतः मोडतो. लांब नळीत या दोन टोकांमध्ये पुरेशी जागा असते, आखूड नळीत फार थोडी. अमेरिकनांना व्हिएतनाममध्ये आखूड नळीचे त्रास भोगावे लागले. त्यांची 10 इंची कार्बाइन शेवटी साडेअकरा इंची करावी लागली. एकेएस-74यू या आखूड सोव्हिएत कार्बाइनच्या नळीच्या तोंडावर तो जाडजूड भाग आहे तो शोभेचा नाही. 206 मिलिमीटरच्या नळीत यंत्रणा नीट चालायला दाब पुरत नव्हता.

वापरातल्या अडचणी वेगळ्याच. रिफ्लेक्स साइट, म्हणजे काचेत प्रकाशाचा ठिपका दाखवणारे नेमयंत्र, नळीच्या रेषेपेक्षा सहासात सेंटिमीटर वर बसते. पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळपास तेवढीच खाली लागते. खिडकीच्या कट्ट्याआडून नेम धरणाऱ्याला समोरचा माणूस स्वच्छ दिसतो आणि गोळी कट्ट्यात घुसते. पुढे हाताने धरायचा दांडा आखूड, त्यामुळे घाईत बोटे नळीच्या तोंडापुढे सरकतात. यावर पुढे अडथळा बसवणे आणि भरपूर सराव, एवढेच उपाय आहेत.

सरावाचा हिशेब करू. नव्या शस्त्रावर पहिल्या वर्षी माणशी 500 राउंड ही माझ्या मते किमान गरज आहे. सव्वाचार लाख कार्बाइनमागे ते 21 कोटी 25 लाख राउंड होतात. त्यांची तरतूद कुठे आहे? 2,770 कोटींना सव्वाचार लाखांनी भागले तर एका कार्बाइनला सुमारे 65 हजार येतात. त्यात साइट किती, मॅगझिन किती, सुटे भाग किती? कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लास्टिक मॅगझिन तडकली होती. शस्त्र चांगले असून मॅगझिनने दगा दिला तरी जवानासाठी निकाल एकच असतो.

महोदय, आपली निविदा पद्धत सर्वांत कमी किंमत पाहते, आणि दिल्लीत बसून लिहिलेल्या अपेक्षांच्या यादीत जगातल्या प्रत्येक शस्त्राचा चांगला गुण घातला जातो. ती यादी पुरी करणारे शस्त्र सापडत नाही म्हणून निविदा मरते, पाच वर्षे जातात आणि नवी यादी लिहिली जाते. 2015मध्ये बहुकॅलिबर, म्हणजे नळी बदलून दोन प्रकारची काडतुसे झाडणाऱ्या, रायफलची निविदा याच वाटेने गेली. पोलिसांचे तर कुणी नावही काढत नाही. लष्कराने टाकलेली 9 मिलिमीटरची कार्बाइन आता त्यांच्या गळ्यात पडणार का? एआरडीई या पुण्याच्या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने 5.56×30 काडतुसाची जेव्हीपीसी ही कार्बाइन घडवली. वजन सुमारे तीन किलो, पल्ला 100 मीटरहून अधिक, डिसेंबर 2020मध्ये अंतिम वापरकर्ता चाचण्या पार पडल्याचे आपल्याच मंत्रालयाने जाहीर केले. ती प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्रागारात का नाही? आपल्याकडे शस्त्र तयार होते आणि फायलीत झोपते, याचा संताप येतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पुरवठ्याचे तिमाही वेळापत्रक जाहीर करा. स्वीकृती चाचणीत उणे तापमानात आणि वाळवंटी उन्हात, एकाच वायू-छिद्रावर, किती राउंडमागे किती स्टॉपेज, म्हणजे शस्त्र अडकण्याचे प्रसंग, मान्य आहेत तो आकडा सांगा. प्रत्येक कार्बाइनबरोबर किमान सहा मॅगझिन द्या. प्रत्येक पलटणीच्या शस्त्रागारात जादा एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग, फायरिंग पिन आणि रिटर्न स्प्रिंग पहिल्याच खेपेत पोचवा, कारण आखूड नळीत हेच भाग आधी जातात. आणि पहिली दहा हजार कार्बाइन संचलनात दिसण्याआधी नियंत्रण रेषेवरच्या पलटणींच्या हातात पडू द्या.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक करदाता नागरिक