रिपोर्ट खरा होता, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा दोनदा म्हणाले, “लेंड्या तपासून घेतल्या होत्या, जंतांची अंडी नाहीत असा रिपोर्ट होता, मग मेंढ्या मेल्या कशा?” तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पाठवलेलं यकृत मी स्वतः कापलं. सुजलेलं, हात लावला की तुटेल इतकं ठिसूळ, आणि वरून सगळीकडे काळपट लाल, वेडेवाकडे माग. एक तुकडा बोटांनी दाबला तर त्या मागांतून रक्ताबरोबर दोन-चार मिलिमीटरचे पांढुरके कण बाहेर आले. भिंगाखाली धरल्यावर ओळख पटली. पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक. पण पोरसवदा.

रिपोर्टचं कोडं इथेच सुटतं. हा कृमी पित्तनलिकेत पोचून मोठा झाला की मगच अंडी घालतो, आणि तिथवर यायला त्याला 10 ते 12 आठवडे लागतात. त्यातले सहा-सात आठवडे तो यकृत पोखरत हिंडत असतो. तेवढ्या काळात लेंड्यांमध्ये अंडी सापडणारच नाहीत, तपासणारा कितीही हुशार असो. आपल्या मेंढ्या नेमक्या त्याच काळात गेल्या. बाबा, रिपोर्ट खरा होता आणि तुमची हयगयही नव्हती.

आई, तू विचारलंस, एवढासा किडा आणि अख्खं काळीज कसं खाल्लं? सगळं त्याने खाल्लेलं नाही. बरंचसं शरीराने स्वतःच जाळलंय. कृमी शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली जहाल रसायनं सोडतात. जखमेवर टाकलं की फेसाळतं, तेच हे पेरॉक्साइड. कृमीकडे मात्र ते निकामी करणारी स्वतःची प्रथिनं असतात, त्यामुळे तो बराचसा निभावून जातो. होरपळतात त्या आजूबाजूच्या यकृतपेशी. त्यांच्याकडे ग्लुटाथायोन नावाची ढाल असते, पण ती रोज झिजत जाते. त्यात मागांमध्ये सांडलेल्या रक्तातलं लोह सुटं होऊन आगीत तेल ओततं. यालाच आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. शब्द जड आहे, पण गोष्ट तुझ्या ओळखीची. तेल खवट होतं ना, तसंच पेशीच्या आवरणातलं स्निग्ध खवट होतं. उपमा म्हणून सांगत नाहीये, रसायनशास्त्र खरोखर तेच आहे.

हे मोजताही येतं. यकृताचा अर्क एका आम्लाबरोबर तापवला की त्या खवटपणाचा गुलाबी रंग येतो. परवा मी निरोगी मेंढीच्या यकृताची नळी आणि आपल्या मेंढीची नळी शेजारी ठेवली. एक जेमतेम गुलाबी, दुसरी गडद. आकडा वहीत लिहिला, पण खरं सांगू, मी कितीतरी वेळ त्या नळ्यांकडेच बघत बसले होते.

जी मेंढरं यातून वाचतात त्यांच्या यकृतात जळालेल्या जागी तंतूंचे व्रण राहतात. पुढे मोठे झालेले कृमी पित्तनलिकेत बसून रक्त पितात, दर कृमीमागे दिवसाला अर्धा मिलिलिटरपर्यंत. म्हणून डोळ्यांची आतली कड फिकी पडते आणि जबड्याखाली सूज लोंबते. ही दोन चिन्हं उरलेल्या सगळ्यांत बघा.

बाबा, टॉनिकची बाटली तूर्त बाजूला ठेवा. जीवनसत्त्व ई, सेलेनियम वगैरे आग थोडी शमवू शकतात, पण आग लावणारा आत असेपर्यंत त्यांचा कितीसा उपयोग? शिवाय सेलेनियम जास्त झालं तर मेंढीला विषच. आधी कृमी मारायला हवेत, आणि पर्णकृमीवरची बहुतेक औषधं मोठ्या कृमींनाच मारतात. लहानांवरही चालतं ते ट्रायक्लाबेंडाझोल. पण त्यालाही दाद न देणारे कृमी आता काही देशांत सापडलेत, तेव्हा अंदाजाने डोस देऊ नका. डॉक्टरांना बोलवा, प्रत्येकीचं वजन घ्या.

आणि पाणथळ कुरणाकडे त्यांना सध्या वळवू नका. तिथल्या गोगलगायींत हे कृमी वाढतात, मग बाहेर पडून गवतावर कोष करून बसतात. पाण्यातल्या कच्च्या भाजीबरोबर ते माणसाच्या पोटातही जातात, तेव्हा आई, तशी पालेभाजी शिजवल्याशिवाय नको.

औषधानंतर तीन आठवड्यांनी लेंड्या पुन्हा तपासायच्या आहेत. या वेळी नमुने मला पाठवा, प्रत्येक मेंढीचे वेगळे, आणि पिशवीवर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा. मागच्या वेळी सगळे एकत्र आले होते, कोणाचं काय ते कळलंच नाही.

तुमची,
लेक