पुठ्ठ्याची मागची बाजू

रामबाग, इंदूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

राजीनामा मंजूर झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. मला थेट सांगितलं असतंस तरी चाललं असतं, मी काही आकांडतांडव करणारा माणूस नाही. ते खातं आत्याकडे. "पक्की प्राध्यापकी सोडून कुणी चिंध्या-कपटे चिकटवत बसतं का?" मी म्हटलं, आपल्याच गावात चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पानं, मुळ्या, टाकाऊ वस्तू घेऊन तेच केलं, आणि अख्खं इंदूर त्यांना गुरुजी म्हणत होतं. त्यावर ती म्हणाली, "गुरुजी मोठेच, पण ते आपल्या घरात नव्हते जन्मले." आता यावर काय बोलणार?

फोनवर तू त्या रशियन चित्रकाराचा, कांडिन्स्कीचा दाखला दिलास. दाखला खरा आहे. कायदा शिकवणारा माणूस, १८९६ मध्ये डोरपाटच्या (म्हणजे आताच्या एस्टोनियातल्या टार्टूच्या) विद्यापीठाची जागा नाकारून तिशीत म्युनिकला चित्रं शिकायला गेला. पण पुढचं तू गाळलंस. तिथे तो समोर माणूस बसवून रेखाटनं करत बसला, तिथल्या अकादमीने त्याला लगेच घेतलंही नाही, आणि त्याची अमूर्त चित्रं यायला १९१० उजाडलं. तुला येत्या दिवाळीत प्रदर्शन हवंय. कर, पण मग त्याचं नाव मध्ये आणू नकोस.

मे महिन्यात ठेवून गेलेली तुझी चित्रं माळ्यावर टाकली नाहीत, बैठकीतच भिंतीला टेकवून ठेवली आहेत. तो वनस्पती दाबायच्या टिपकागदांचा तुकडा मला फार आवडला. रसाचे तपकिरी डाग, गंजलेल्या टाचणीची खूण, त्यावर तो निळ्या रंगाचा पातळ हात. बाकीच्या तिन्हींत गोणपाट, जाळी, वाळू, सोनेरी वर्ख, सगळं एकदम आलंय. टिपकागदाच्या चित्रात मात्र तू थांबलीस. एवढी वर्षं त्याच कागदांत पानं दाबलीस म्हणून असेल, त्या कागदाशी तुझा हात मोकळा आहे.

आता माझी खरी तक्रार. प्रत्येक चित्राला तू टाइप केलेलं पान जोडलंयस. स्मृती, विस्थापन, पर्यावरण, खाली दोन फ्रेंच विद्वान. ताई, व्हायवा झाली गं! समोर परीक्षक नाहीत. तुझा प्रबंध मी स्वतः बांधला, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, त्यामुळे तुला आपली बाजू किती नेटाने मांडता येते ते मला माहीत आहे. पण चित्राची बाजू चित्रानेच मांडायला हवी. चित्रकार गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा लावून घेत नसत, मग समजावणं तर दूरच. तुझं पान वाचलं की डोळा चित्रात त्या तीन गोष्टी शोधतो, सापडल्या की उठतो. मीही उठलो.

आणि एवढं लिहिणाऱ्या बाईने पुठ्ठा उलटून पाहिलेला नाही. मागे नुसता कोरा, आणि दोन चित्रं उन्हातल्या पापडासारखी वाकली आहेत. खजूरी बाजारातल्या आपल्या बाइंडिंगच्या दुकानात लहानपणी शिकंज्याशी, पुस्तकं दाबायच्या त्या यंत्राशी, खेळायचीस, तेव्हा कितीदा ऐकलंस: कागद ओला झाला की फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुढे कापड, कागद, फेविकॉलचे थर चढवलेस तर मागेही तेवढ्याच ताकदीचा कागद चढवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. पुठ्ठ्याचे आणि कागदाचे तंतू एकाच दिशेने ठेवायचे. मग शिकंज्यात, नाहीतर फळीखाली दाबून, पुरतं वाळेपर्यंत हात लावायचा नाही. तुला घाई असते, कडा उचलून बघतेस.

वर्तमानपत्र शक्यतो नको. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं, हे तू पोरांना फळ्यावर शिकवलंस आणि घरी येऊन तेच चिकटवलंस! पिकासो-ब्राकनी १९१२ च्या सुमारास चिकटवलेले वर्तमानपत्राचे तुकडे आज तपकिरी झालेत. त्यांचं चालून गेलं. तुझं चित्र पैसे मोजून नेणारा माणूस चार वर्षांनी रंग बदलला म्हणून दारात आला तर त्याला काय सांगशील? डाग हवाच असेल तर चांगल्या कागदावर चहा, काथ, गेरू लाव. तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक चढवू नकोस, हिरव्या चित्राच्या कोपऱ्यात आताच पापुद्रा सुटलाय. खळ लावणार असशील तर शिजवताना चिमूटभर मोरचूद टाक, नाहीतर कसर लागेल.

पैशांचं थोडक्यात. पीएफ मोडू नकोस. घरभाडं कमी पडलं तर मला सांग, आईला सांगू नकोस, ती रात्रभर जागते. आठवड्यात दोन दिवस कुठे तास मिळत असतील तर घे, त्यात कमीपणा नाही.

दसऱ्याला येशील तेव्हा आणखी कुठले पुठ्ठे वाकले असतील तर तेही घेऊन ये. मागून ओला कागद चढवून बघू. गोणपाटाचा पुठ्ठा सरळ होईल असं वाटत नाही, थर फार जाड आहेत, पण निळा सरळ होईल. तुला कुठल्या मापाचे नवे पुठ्ठे हवेत ते आधी कळव, म्हणजे कापून ठेवतो. आणि ती टाइप केलेली पानं मी पाकिटात घालून वेगळी ठेवली आहेत. हवी असतील तर माग.

तुझे,
बाबा