टेप रंग बदलेल, पण बघणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाइपच्या जॉइंटला गुंडाळायच्या, हायड्रोजनची गळती दाखवणाऱ्या रंग बदलत्या टेपवर तुमच्या पेपरात लेख आला होता, छान होता, पण "आता अलार्मवाल्या सेन्सरची गरजच नाही" असा जो सूर होता तो काही पटला नाही म्हणून लिहितोय.

हा गॅस दिसत नाही, वास येत नाही, पेटला तर दिवसाउजेडी ज्वाळाही दिसत नाही म्हटलं तरी चालेल. हवेत ४ ते ७५ टक्के कितीही असला तरी ठिणगीने भडकतो. बरं, सिलिंडरच्या गॅससारखा वास मिसळावा तर त्यातल्या गंधकाने फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारी यंत्रं) खराब होतात, आणि द्रव हायड्रोजन उणे २५३ डिग्रीला असतो, तिथे वासाचं केमिकल गोठूनच जाणार. नासात पूर्वी लोक झाडू पुढे धरून चालायचे, झाडू पेटला म्हणजे इथे आग आहे! १९९० मध्ये हायड्रोजनच्या गळतीपायी स्पेस शटलची उड्डाणं काही महिने अडकली होती, म्हणजे नुसतं "गळतंय" कळून भागत नाही, नेमकं कुठल्या जॉइंटला गळतंय ते कळायला हवं, आणि ते ही टेप बिनविजेची दाखवते. छतावरचा सेन्सर ते नाही सांगू शकत.

पण लेखात एक मोठी गोष्ट राहिली. टेप दोन जातीच्या असतात. एकीत पॅलेडियम ऑक्साइड असतं, हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, मागे काळसर पॅलेडियम उरतं आणि डाग कायमचा पडतो. दुसरीत टंगस्टन ऑक्साइड, जोडीला थोडं पॅलेडियम किंवा प्लॅटिनम, ती निळी होते आणि गॅस थांबला की हवेत हळूहळू परत फिकी पडते. आता रात्री प्रेशर वाढल्यावर थोडा वेळ गळलं आणि सकाळी माणूस बघायला आला तर दुसरीवर त्याला काय दिसणार? माझ्या मते न उघडणाऱ्या, अडचणीतल्या जॉइंटला कायमचा डाग पडणारीच लावावी, भले ती बदलावी लागो, आणि गळती अजून चालू आहे की बंद झाली हे तिच्यावरून कळत नाही ते वेगळंच.

शिवाय टेप ओरडत नाही हो, कोणीतरी जाऊन बघावं लागतं, म्हणून अलार्म हवाच.

आणि एक, रंग बदलणाऱ्या टेपचा फोटो तुम्ही ब्लॅक अँड व्हाइट छापलात! पुढच्या वेळी आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रंगीत छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक