लेहच्या जुन्या गावातील छतांसाठी मदतीचे कळकळीचे आवाहन

सर्व सभासद, देणगीदार आणि माजी कार्यकर्ते यांना सस्नेह जय शिवराय!

लेहला छतांच्या श्रमदानाला जाणारी जूनची तुकडी निघायला सहा आठवडे उरलेत आणि गरजेच्या निम्मीही रक्कम जमलेली नाही, म्हणून हे तातडीने लिहीत आहे.

लेहशी आपलं नातं कसं जुळलं ते जुन्यांना ठाऊक आहेच. ऑगस्ट २०१० मध्ये तिथे ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी आपल्या मंडळाच्या सरांनी गणपतीच्या मांडवात स्वतः डबा फिरवला. मंडईतल्या मावशींनी दिवसाचा सगळा गल्ला त्यात ओतला. बँकेतल्या काकांनी आधी पावती फाडली, मग घरी सांगितलं! सर आज नाहीत, पण तो डबा कार्यालयात जपून ठेवला आहे. त्या माणसांचं ऋण मंडळ कधीच विसरणार नाही.

लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या नऊमजली राजवाड्याखालची जुनी घरं मातीची आहेत. पॉप्लरचे वासे, वर विलोच्या काटक्या, गवत, माती आणि सगळ्यात वर मरकालाक ही चिकणमाती. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात हे छत पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. आता एकेका दिवसाच्या जोरदार सरी ते सोसत नाही. गेल्या खेपेला एका आबी-लेंच्या (आजींच्या) चोखांगमध्ये, म्हणजे देवखोलीत, बुद्धमूर्तीशेजारी गळतीखाली तांब्याचं भांडं ठेवलेलं पाहिलं. भिंतीवरच्या चित्राचा निळा रंग ओघळून पार जमिनीपर्यंत आला होता. सिमेंट ओतणं सोपं आहे, पण मग हिवाळ्यात घर गारठतं आणि हे छत घालणाऱ्या मिस्त्रींच्या हातचं कामही जातं. गडाच्या डागडुजीला गूळ-हिरड्याचा चुना मळणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

मनाला लागलेली गोष्टही लिहितो. गेल्या वर्षीचं आवाहन गटावर जवळपास सगळ्यांनी वाचलं. पैसे सात जणांनी पाठवले. लेहच्या शांतीस्तूपासमोरचे फोटो मात्र रोज येत होते. लेह पाहून आलेल्यांनी तरी असं करू नये. त्या सात जणांना मनापासून नमस्कार.

एकूण गरज १,८०,००० रुपये (दोन घरांची छतं : माती, काटक्या, गाढवांवरून वाहतूक, स्थानिक मिस्त्रींची मजुरी), जमा ६२,०००. प्रवासखर्च तुकडीतले आपापला करतात, देणगीतला एक रुपयाही त्यावर जात नाही. रक्कम नेहमीच्या खात्यावर १५ मेपर्यंत, ‘लेह छत’ असा शेरा लिहून. रोख असल्यास कार्यालयात संध्याकाळी ७ ते ९, सोमवार बंद, पावती मागून घ्यावी. श्रमदानाला ४ जागा शिल्लक; लेह ३,५०० मीटरवर असल्याने डॉक्टरांचा दाखला हवाच, पोचल्यावर दोन दिवस सक्तीची विश्रांती. जुनी ताडपत्री, घमेली, हातमोजेही चालतील.

आपला,
सचिव