चौथा चर खोदलाच नाही: ग्राउंड सोर्स हीट पंपाबद्दल तक्रार

लेस्टरशर, दि. ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या भेटीपासून आपलं बोलणं मराठीतच झालं, म्हणून तक्रारही मराठीतच लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात आपण आमचा गॅस बॉयलर काढून जमिनीतली ऊब ओढून घर तापवणारा हीट पंप बसवलात. नकाशात मागच्या अंगणात नळ्या पुरायला तीस-तीस मीटरचे चार चर होते. खोदले तीनच. "माती ओलसर आहे, तीन पुरतील," असं आपल्या माणसाने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला.

ते पुरलेले नाहीत. जमिनीतल्या नळ्यांमधून येणारं द्रावण ऑक्टोबरात ११ अंश होतं, १० जानेवारीला पॅनेलवर उणे ५ दिसलं. त्या दुपारी ऊन आलं, अंगणभर गोठलेलं दव वितळलं, पण चरांवरचं गवत पांढरंच राहिलं. दोरी लावून आखावेत तसे तीन पट्टे! फोटो सोबत जोडले आहेत. माती देऊ शकते त्याहून जास्त ऊब पंप तिच्यातून ओढतो आहे, हे कुणालाही दिसेल.

मग पंप बंद पडतो आणि आतला ३ किलोवॉटचा हीटर सुरू होतो, म्हणजे साधा गीझरच. जानेवारीत १,२४० युनिट वीज जळली, ऊब मिळाली २,३०० युनिट. एका युनिटला पावणेचार मिळतील असं आपण लिहून दिलं होतंत, इथे धड दोनही नाहीत. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई १५ अंशांच्या खोलीत कानटोपी घालून झोपतात. त्यांच्याकडे बघवत नाही.

आपला तंत्रज्ञ दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने रेडिएटरच्या पाण्याचं तापमान वाढवलं, ४५ वरून ५५. त्याने पंपाला वीज आणखीच जास्त लागते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सरकारी अनुदानाचे ७,५०० पौंड आपण याच कामावर घेतलेत. तेव्हा खोलीवार उष्णताहानीचा हिशोब मला पाठवा, हीटरमुळे वाढलेलं बिल भरून द्या आणि चौथा चर एप्रिलअखेर खोदा. त्यानंतर खोदलात तर पुढच्या थंडीआधी उन्हापावसाने माती पुन्हा तापायला उन्हाळा पुरा मिळणार नाही.

१४ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर फोटो आणि नकाशा घेऊन मी हीट पंप बसवणाऱ्यांना प्रमाणित करणाऱ्या एमसीएस योजनेकडे तक्रार नोंदवणार आहे.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: फोटो, मूळ नकाशा, जानेवारीचं बिल