पहिला हप्ता मिळाल्यावरच लेखनाला हात घालावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या लेखकांना एक सल्ला दिला होता. सुरुवातीला पैशाचा विषय काढू नका, काम मनापासून करा, पैसे मागाहून येतात, असा त्याचा आशय होता. हा सल्ला मला घातक वाटतो, म्हणून हे पत्र. मी सांगली-मिरज भागात शब्दांकनाची (म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून लिहून देण्याची), स्मरणिकांची आणि संस्थांचे इतिहास लिहिण्याची कामं घेते. घर त्याच्यावर चालतं. लेखकानं कामाला हात घालण्याआधी ठरलेल्या रकमेचा काही भाग मागावा, आणि तो पहिल्या भेटीतच मागावा, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे स्मरणिकेचं काम कसं येतं ते सांगते. एखाद्या पतसंस्थेचा किंवा शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरतो, समिती बसते. मांडववाला इसार घेतल्याशिवाय तारीख धरत नाही. आचारीही धरत नाही. छापखान्याला कागदाचे पैसे आधी पोचवावे लागतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अंदाजपत्रकात या सगळ्यांना एकेक ओळ असते. लेखनाला नसते. असलीच तर ‘किरकोळ’मध्ये. खरं तर सगळ्यांत आधी संपतं ते लेखकाचं काम, कारण मजकूर तयार झाल्याशिवाय डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, सुरू होत नाही आणि छपाईही होत नाही. ज्याचं काम पहिल्यांदा पुरं होतं, त्याचा पैशाला मात्र शेवटचा नंबर. तोवर समारंभ उरकलेला असतो आणि शिल्लकही.

एका संस्थेच्या बाबतीत याहून वाईट झालं. स्मरणिका निघाली, वाटली गेली, मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन झालं. नंतर संचालक मंडळाची निवडणूक झाली आणि सत्ता पालटली. नव्या मंडळानं मला सांगितलं, “ताई, तो जुन्या लोकांचा विषय, आमच्याकडे त्याचा काही ठराव नाही.” त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर ‘आमची वाटचाल’ म्हणून आजही माझाच मजकूर आहे.

छापखानेवाल्याचे पैसे अडले तर तो गठ्ठे गोदामातून सोडत नाही. शिंपी कपडा देत नाही. लेखकाच्या हातात अडवून ठेवण्यासारखं काय असतं? फाईल एकदा मेल केली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, की ती समोरच्याची झाली. मजकूर वाचला, वापरला आणि तरी पैसे दिले नाहीत, तर तो परत घेता येत नाही. ही लेखनाची अडचण मूळचीच आहे, आणि आधी रक्कम घेणं हा तिच्यावर मला ठाऊक असलेला एकच खात्रीचा उपाय आहे.

कायदा आहे, हे मी जाणते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणारेही येतात. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर आधार आणि पॅनच्या जोरावर नोंदणी फुकट होते, आणि ती मी प्रत्येक लेखकाला काम घेण्याआधीच करून ठेवायला सांगते. पैसे देण्याची मुदत कराराने ठरवली तरी ती ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, आणि थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, त्यावर सही हवी आणि मोबदल्याची रक्कम त्यात लिहिलेली हवी. म्हणजे तोंडी बोलीवर केलेल्या आमच्या बहुतेक कामांचे हक्क आजही आमचेच आहेत! पण वीस-पंचवीस हजारांसाठी कोण वकील लावणार? आणि लावला, तर तालुक्यातलं पुढचं काम कोण देणार? समितीतली माणसं लग्नाकार्यात भेटणारी असतात. कायद्याचा धाक पत्रात एका ओळीनं उल्लेख करण्यापुरता उपयोगी पडतो, आणि तेवढ्यासाठी तो माहीत असावाच.

माझी पद्धत तीन हप्त्यांची आहे. समजा, दीडशे पानांच्या आत्मकथनाचे ७५,००० रुपये ठरले. पंचवीस हजार कामाचं पत्र सही होताना, पंचवीस हजार पहिला खर्डा दिल्यावर, आणि उरलेले पंचवीस हजार छापखान्याला द्यायची अंतिम फाईल हातात देण्याआधी. पत्र एका पानाचंच असतं. किती पानं, किती बैठका, दुरुस्त्या किती वेळा, नाव छापायचं की नाही, आणि काम मध्येच थांबलं तर काय, एवढंच त्यात असतं. मध्येच थांबण्याचा मुद्दा बोलताना लोकांना अवघड वाटतो. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शब्दांकनात तो हमखास येतो.

आत्मकथन सांगणारी माणसं बहुतेक पंचाहत्तरी ओलांडलेली असतात. मी रेकॉर्डर ठेवून ऐकत बसते. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात, आणि लिहिणं त्यानंतरचं. सालं त्यांच्या तोंडी नसतात. “कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात विहीर खणली,” असं ते सांगतात, की मी डिसेंबर १९६७ लिहून घेते. “दुष्काळात रोजगार हमीवर गेलो,” म्हटलं की १९७२ धरून पुढचं जुळवायचं. पडताळायला जमिनीच्या नोंदींचे जुने फेरफार, लग्नपत्रिका, कारखान्याच्या पावत्या मागाव्या, तर कितीतरी घरांतले कागद २००५ च्या पुरात गेले आणि त्यातून वाचलेले २०१९ च्या. मग भावकीत फोन करायचे, गावातल्या जुन्या शिक्षकांना गाठायचं. यातलं एकही काम पुस्तकात दिसत नाही, पण पुस्तक उभं राहतं ते त्यावरच.

असंच एक काम चालू असताना सांगणारे गृहस्थ गेले. निम्मं आयुष्य सांगून झालं होतं. एका मुलाला पुस्तक पुरं करायचं होतं, दुसऱ्याला नको होतं. अशा घरात जाऊन पैशाचं बोलणं कुणालाही जमलं नसतं. झालेल्या कामाचे पैसे आधीच मिळालेले असल्यानं मला काही बोलावंच लागलं नाही. झालेली प्रकरणं आणि सगळं ध्वनिमुद्रण मी पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी दिलं. आजोबांचा आवाज नातवंडांकडे राहिला, आणि माझ्या मनात त्या घराविषयी कडवटपणा उरला नाही. आगाऊ रकमेनं नातं बिघडतं असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. नातं बिघडतं ते नंतर मागावं लागण्यानं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. पैसे आधी घेऊन लेखक काम लांबवतात. असे लेखक आहेत, मी पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकून घ्यावं लागतं. म्हणून सगळी रक्कम आधी मागणं मला मान्य नाही. हप्ता घ्यावा आणि पुढच्या खर्ड्याची तारीख पत्रात लिहून द्यावी. तारीख चुकली तर पुढचा हप्ताही पुढे जातो, हे बंधन लेखकानं स्वतःच घालून घ्यावं. अगदी नवा लेखक असेल तर त्यानं एका प्रकरणाचे किंवा दहा पानांचे पैसे आधी घेऊन तेवढंच काम दाखवावं. दोघांनाही अंदाज येतो. फुकट ‘नमुना’ मात्र कधीही लिहून देऊ नये. असे नमुने पुढे छापून आलेले मी वाचले आहेत.

“लेखन ही सरस्वतीची सेवा, त्यात व्यवहार कशाला?” हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे बहुतेक ज्यांचा पगार एक तारखेला होतो असे असतात. बाई म्हणून आणखी एक ऐकते, “तुम्ही तर घरीच असता.” घरी बसून केलेलं काम हे काम नसतं का? वीजबिल माझ्याही घरी येतं. मी घेतलेली रक्कम पुढल्या महिन्याचा किराणा आणि मुलीची फी आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

दिवाळी अंकांचंही सांगायला हवं. आपणहून पाठवलेल्या कथेला आगाऊ मानधन कुणी मागत नाही आणि मागूही नये. पण संपादकानं विषय देऊन, शब्दसंख्या सांगून लेख मागवला, तर तो स्वीकारल्यावर मानधन लगेच द्यावं. जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर महिनोन् महिने चालते हे मला समजतं, पण ती जोखीम अंक काढणाऱ्याची आहे. ती लेखकाच्या माथी का मारायची?

शेवटी दोन विनंत्या. महोत्सव करणाऱ्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकात मांडव, भोजन, छपाई यांच्याबरोबर लेखनाची वेगळी ओळ घालावी आणि तो खर्च त्याच बैठकीत ठरावानं मंजूर करून घ्यावा, म्हणजे मंडळ बदललं तरी कुणाला हात वर करता येणार नाहीत. दुसरी विनंती आपल्याला. आपल्या पुरवण्यांत बाहेरच्या लेखकांचा बराच मजकूर असतो. मागवलेल्या लेखाला मानधन किती आणि ते किती दिवसांत मिळतं, हे आपण पुरवणीच्या पहिल्या पानावर चौकटीत छापावं. आपण छापलंत तर इतरांकडे ते मागताना नव्या लेखकांना आपला दाखला देता येईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक शब्दांकन करणारी लेखिका, मिरज

(माझं नाव कार्यालयात कळवलं आहे. ज्यांच्याविषयी लिहिलं त्या घराची आणि संस्थेची ओळख पटू नये म्हणून ते छापू नये, ही विनंती.)